अळीच्या तोंडापासून पेशीपर्यंत: जनुक गप्प करून किडीचा अभ्यास आणि बंदोबस्त

माझ्या पहिल्या प्रयोगात घाटेअळीला मी आठ दिवस दुपदरी आरएनए, म्हणजे निवडलेलं जनुक गप्प करणारा दोन पदरांचा रेणू, खाऊ घातला. जनुक विचार करून निवडलं होतं, आरएनए स्वच्छ होता, मात्रा भरपूर होती. आठव्या दिवशी डब्यांची झाकणं उघडली तर अळ्या गुबगुबीत, चकचकीत, दोन-चार तर कोषात जायच्या तयारीत. पुढचा महिनाभर मी जनुकालाच दोष देत राहिले. मग एका दुपारी त्याच अळीच्या आतड्यातला रस काढून त्यात तोच आरएनए मिसळला आणि दहा मिनिटांनी जेलवर, म्हणजे आरएनए पट्ट्याच्या रूपात दाखवणाऱ्या थरावर, चढवला. शेजारच्या रकान्यात नुसत्या पाण्यातल्या आरएनएचा पट्टा ठसठशीत दिसत होता. रसातल्या रकान्यात काहीच नव्हतं. अळीच्या पेशींपर्यंत आरएनए कधी पोचलाच नव्हता.

म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. बहुतेक जण आधी जनुक निवडतात, आरएनए बनवतात आणि शेवटी कीटकाकडे वळतात. मी सांगेन, आधी कीटक तपासा. तोंडापासून पेशीपर्यंतच्या वाटेवर आरएनए टिकतो का, हे कळल्याशिवाय जनुकावर एक रुपयाही खर्च करू नका.

पेशीत नेमकं काय घडतं

जनुकातला निरोप पेशीत संदेशवाहक आरएनएच्या रूपाने फिरतो आणि त्यावरून प्रथिन बनतं. हा निरोप एकपदरी असतो. पेशीत लांब दुपदरी आरएनए, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बोलीत डीएस-आरएनए, शिरला की पेशीला तो विषाणूचा वाटतो. डायसर-२ नावाचं विकर त्याचे साधारण २१ अक्षरांचे, म्हणजे साखळीतल्या २१ दुव्यांचे, तुकडे करतं. आर्गोनॉट-२ हे प्रथिन त्यातला एक पदर धरून ठेवतं आणि त्याच्याशी जुळणारा निरोप सापडला की तो कापून टाकतं. जनुक जागच्या जागी शाबूत राहतं, पण त्याचं बोलणं कोणापर्यंत पोचत नाही. म्हणूनच ‘गप्प करणं’ हा शब्द मला नेमका वाटतो.

१९९० मध्ये पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करायला रंगाच्या जनुकाची जादा प्रत घातली, तेव्हा उलट पांढरी फुलं उमलली. त्यामागचं कारण १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका सूत्रकृमीवर दाखवलं. एकपदरी आरएनएपेक्षा दुपदरी आरएनए कितीतरी पटींनी प्रभावी ठरतो, हा त्यांचा शोध. त्याबद्दल दोघांना २००६ चं नोबेल मिळालं.

त्या सूत्रकृमीत आणि कीटकांत एक फरक आहे आणि तो सगळ्या नियोजनावर परिणाम करतो. सूत्रकृमीच्या पेशी आलेल्या आरएनएच्या आणखी प्रती काढतात, त्यामुळे थोडा डोस पुरतो. कीटकांकडे प्रती काढणारं ते विकर नाही. जेवढा आरएनए पेशीत पोचेल तेवढाच कामाला येणार. वाटेत नासला की संपलं.

आधी कीटक: हा आरएनए पचवून टाकतो की पेशीत घेतो?

सगळे कीटक सारखे वागत नाहीत. भुंगेरे या तंत्राला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. पिठातला तांबडा भुंगेरा, बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा, मक्याची मुळं कुरतडणारा भुंगेरा, हे सगळे त्यात आले. पतंगवर्गातल्या अळ्या, म्हणजे घाटेअळी आणि तिचे भाऊबंद, फार हट्टी आहेत. टोळांची गंमत निराळी आहे. सुईने टोचलं तर अगदी थोड्या मात्रेत जनुक गप्प होतं, खाऊ घातलं तर बहुधा काहीच होत नाही. तपकिरी तुडतुड्यांत टोचणी उत्तम चालते. माव्यात निकाल वरखाली होतात, कारण त्यांच्या लाळेतच आरएनए तोडणारी विकरं असतात.

अळ्यांच्या हट्टीपणाची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. त्यांच्या मधल्या आतड्याचा सामू (पीएच) फार अल्कधर्मी असतो, ९ च्या वर आणि कित्येकदा १० च्या आसपास, आणि अशा वातावरणात आरएनए टिकत नाही. त्यात दुपदरी आरएनए तोडणारी विकरं असतात. त्यातून वाचून जे पेशीत शिरतं, ते पेशीतल्या पिशव्यांत अडकून पडतं आणि डायसरपर्यंत जात नाही. पहिली दोन कारणं तुम्ही एका दिवसात तपासू शकता. ही चाचणी मी आता प्रत्येक नव्या किडीवर सर्वांत आधी करते.

दहा-पंधरा अळ्या बर्फावर ठेवून सुस्त करा. थंड क्षारद्रावणात बुडवून चीर द्या, मधलं आतडं अलगद बाहेर काढा आणि त्यातला रस थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा निवळ भाग घ्या. आतडं फाटून त्यात मेदाचे पांढरे तुकडे मिसळले तर तो नमुना टाकून द्या. रक्तद्रव वेगळं घ्यायचं असेल तर पाय किंवा पोटपाय कापून येणारा थेंब फेनिलथायोयुरिया घातलेल्या नळीत झेला, नाहीतर ते मिनिटाभरात काळं पडतं. दोन्ही नमुन्यांतलं प्रथिन मोजा.

आता १ मायक्रोग्रॅम डीएस-आरएनए या रसात मिसळा. रस एकाच तीव्रतेत न वापरता पूर्ण, दहापट पातळ आणि शंभरपट पातळ असा तीन तीव्रतांत घ्या. पातळ करताना बफरचा (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) सामू त्या कीटकाच्या आतड्याइतकाच ठेवा. सामू ७ च्या बफरात केलेली चाचणी अळीच्या बाबतीत खोटा दिलासा देते. ०, ५, १०, ३० आणि ६० मिनिटांनी थोडा-थोडा भाग काढून ईडीटीए असलेल्या नळीत टाका आणि लगेच गोठवा. ही विकरं मॅग्नेशियमवर चालतात आणि ईडीटीए ते मॅग्नेशियम बांधून ठेवतं, म्हणून क्रिया तिथेच थांबते. मग सगळे नमुने १.५ टक्के अ‍ॅगॅरोज जेलवर एका ओळीत चढवा.

जेल वाचताना पट्टा आहे की नाही एवढ्यावर थांबू नका. पट्टा फिका झाला, खाली सरकला की धुरासारखा पसरला, हेही लिहून ठेवा. पूर्ण रसात ६० मिनिटांनीही पट्टा टिकला तर खाऊ घालण्याचा मार्ग खुला आहे. रक्तद्रवात टिकला पण आतड्याच्या रसात नासला तर टोचणीने अभ्यास करा आणि खाऊ घालण्यासाठी आरएनएला वाचवणाऱ्या आवरणाचा विचार करा. शंभरपट पातळ रसातही पाच मिनिटांत नाहीसा झाला, तर साधा आरएनए खाऊ घालून वेळ दवडू नका.

यानंतर दुसरी तपासणी, कीटकाची जनुक गप्प करणारी यंत्रणा चालू आहे का. त्यासाठी ज्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो असं जनुक घ्या. भुंगेऱ्यांत माझी पसंती लॅकेज-२ ला आहे. कात टाकल्यावर कवच कडक आणि गडद होण्यासाठी हे विकर लागतं. कोषाआधीच्या अळीत किंवा कोषात ते गप्प केलं की बाहेर येणारा भुंगेरा फिका, मऊ, जवळजवळ पांढरा राहतो. शेजारी नियंत्रण गटातला भुंगेरा नेहमीसारखा तांबूस-तपकिरी चालत असतो. हे दृश्य एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की यंत्रणा चालते की नाही, याबद्दल शंका उरत नाही आणि हातालाही टोचणीचा सराव होतो.

जनुक कोणतं घ्यायचं

इथे दोन वेगळे प्रश्न एकात गुंतवू नका. जनुकाचं काम समजून घ्यायचं आहे की कीड मारायची आहे?

काम समजून घ्यायचं असेल तर परिणाम हळू आणि नेमका हवा. कीटक दुसऱ्याच दिवशी मेला तर त्या जनुकाबद्दल ते आवश्यक आहे एवढंच कळतं. अशा वेळी कमी मात्रा द्या, वेगवेगळ्या अवस्थांत द्या, आणि मरण सोडून दुसरं काहीतरी मोजा: खाल्लेल्या पानाचं क्षेत्र, कात टाकायला लागलेला वेळ, घातलेली अंडी, एखाद्या कीटकनाशकाला दिलेला प्रतिसाद.

कीड आवरायची असेल तर रोजच्या जगण्याला लागणारी जनुकं घ्या, जी आतड्याच्या पेशींत भरपूर बोलकी असतात. पेशीतला आम्लपंप, म्हणजे व्ही-एटीपीएज, हे जुनं आणि भरवशाचं लक्ष्य आहे. २००७ मध्ये मक्यात त्याचा डीएस-आरएनए बनवून मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्यापासून संरक्षण मिळतं, हे दाखवलं गेलं. प्रथिनांची ने-आण करणारं स्नफ-७, निकामी प्रथिनं मोडणाऱ्या प्रोटिअसोमचे घटक, अ‍ॅक्टिन, हीही त्याच रांगेतली. तांबड्या भुंगेऱ्यात हजारो जनुकं एकेक करून गप्प करणारी मोठी चाळणी झाली. तिच्यातही प्रोटिअसोमचे घटक अत्यंत घातक ठरले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कीड आवरणं म्हणजे तिला मारणंच असं मात्र नाही. त्याच २००७ साली घाटेअळीवर एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध झाला. कपाशीत गॉसिपॉल हे कडवट विषारी द्रव्य असतं आणि घाटेअळी ते सहन करते. या सहनशक्तीशी तिच्या आतड्यातलं एक विकर जोडलेलं आहे. त्या विकराच्या जनुकाचा डीएस-आरएनए बनवणारी पानं अळ्यांना दिली आणि मग गॉसिपॉल असलेलं खाद्य दिलं, तेव्हा अळ्यांची वाढ खुंटली. झाडाचं स्वतःचंच शस्त्र पुन्हा धारदार झालं. अळ्यांच्या बाबतीत मला हा विचार थेट मारण्यापेक्षा जास्त आशेचा वाटतो, कारण अर्धवट गप्प झालेलं जनुकही इथे उपयोगी पडतं.

तुकडा आखणं

संपूर्ण जनुक लागत नाही. २०० ते ५०० अक्षरजोड्यांचा तुकडा बहुतेक कामांना पुरतो. मक्याच्या मूळभुंगेऱ्यात सुमारे ६० अक्षरजोड्यांपेक्षा आखूड तुकडा आतड्यातून नीट आत घेतला जात नाही असं दिसलं आहे. म्हणून २१ अक्षरांचे तयार तुकडे विकत घेऊन खाऊ घालणं म्हणजे पैसे वाया.

अनुक्रम सार्वजनिक जनुककोशातून घ्या, पण त्यावर विसंबून थांबू नका. तुमच्या डब्यात वाढलेल्या कीटकातून तोच भाग पीसीआरने वाढवून वाचून घ्या. ठिकठिकाणच्या किडींत अक्षरं बदललेली असतात. एकाच जनुकातून निघणारे वेगवेगळे निरोप असतील तर सगळ्यांत समान असलेला भाग निवडा.

मग तुकड्याच्या सगळ्या २१ अक्षरी खिडक्या एकेक घर सरकवत पाहा. ३०० अक्षरांच्या तुकड्यात अशा २८० खिडक्या होतात. त्यातली एकही त्या कीटकाच्या दुसऱ्या जनुकाशी जुळू नये. कीड आवरायची असेल तर हीच तपासणी मधमाशी, ढालकिडे, परोपजीवी गांधीलमाश्या आणि माणूस यांच्या अनुक्रमांशीही करा. एका प्रथिनकुळातल्या सगळ्या भावंडांत जपलेला भाग दिसायला मोहक असतो, कारण तो लगेच सापडतो. नेमका तोच टाळायचा.

एकाच जनुकाचे एकमेकांवर न येणारे दोन तुकडे आखा. दोन्हींचा परिणाम सारखा आला तर तो त्या जनुकाचाच आहे, असं छातीठोकपणे सांगता येतं. एकाच तुकड्यावरचा निष्कर्ष मी स्वतः मान्य करत नाही.

आरएनए बनवणं

प्रयोगशाळेतल्या अभ्यासासाठी टी७ पद्धत सोपी आहे. दोन्ही प्रायमरांच्या (पीसीआरमध्ये तुकड्याची दोन टोकं ठरवणाऱ्या आखूड डीएनएंच्या) पुढच्या टोकाला टी७ प्रवर्तक, म्हणजे आरएनए बनवायला सुरुवात करून देणारी खूण, जोडून मागवा: टी-ए-ए-टी-ए-सी-जी-ए-सी-टी-सी-ए-सी-टी-ए-टी-ए-जी-जी-जी, अशी २० अक्षरं. दोन्ही बाजूंना प्रवर्तक असल्यामुळे एकाच नळीत दोन्ही पदर तयार होतात. पीसीआरचं उत्पादन स्वच्छ करा, जेलवर एकच पट्टा असल्याची खात्री करा, सुमारे १ मायक्रोग्रॅम घेऊन ३७ अंशांवर चार तास ते रात्रभर ठेवा.

पुढच्या सफाईत बरेच जण घाई करतात. आधी डीएनेजने मूळ डीएनए काढा. मग ७० ते ७५ अंशांवर काही मिनिटं तापवून सावकाश खोलीच्या तापमानाला येऊ द्या, म्हणजे पदर एकमेकांना धरतात. उरलेला एकपदरी आरएनए घालवायला मीठ जास्त असलेल्या द्रावणात आरएनेज-ए वापरा. जास्त मिठात हे विकर दुपदरी आरएनएला हात लावत नाही, कमी मिठात मात्र तोही खाऊन टाकतं. त्यामुळे मिठाचं प्रमाण अंदाजाने ठरवू नका.

मोजताना यंत्रावर ‘आरएनए’ हा पर्याय निवडला तर ते प्रकाशाच्या शोषणावरून मात्रा काढताना एकपदरीचा गुणांक ४० धरतं. दुपदरीसाठी तो सुमारे ४६ असतो. सगळ्या गटांना एकच गुणांक वापरा आणि वहीत तो लिहून ठेवा. जेलवर डीएस-आरएनए तेवढ्याच लांबीच्या डीएनएपेक्षा किंचित मागे रेंगाळतो, त्यामुळे पट्टा थोडा वर दिसला तर घाबरू नका. लहान-लहान भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा, वारंवार वितळवू नका.

जास्त आरएनए हवा असेल तर जीवाणूंकडून बनवून घ्या. त्यासाठी एचटी११५ ही ई-कोलायची जात वापरतात, कारण तिच्यात दुपदरी आरएनए तोडणारं आरएनेज-३ नसतं. एल४४४० या वाहकात, म्हणजे तुकडा जीवाणूत नेणाऱ्या डीएनएच्या कड्यात, तुकडा दोन टी७ प्रवर्तकांच्या मध्ये बसतो. हे जनुकबदल केलेले जीवाणू आहेत, त्यामुळे जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी घ्या आणि जिवंत जीवाणू प्रयोगशाळेबाहेर जाऊ देऊ नका.

नियंत्रणासाठी कीटकात नसलेल्या जनुकाचा, बहुधा हिरव्या चमकत्या प्रथिनाचा, तेवढ्याच लांबीचा डीएस-आरएनए त्याच दिवशी त्याच पद्धतीने बनवा. नुसतं पाणी हे पुरेसं नियंत्रण नाही. कोणताही दुपदरी आरएनए शरीरात आला की कीटकाची विषाणूविरोधी यंत्रणा जागी होते आणि तेवढ्याने वाढ थोडी मंदावू शकते. पाण्याचा गट ठेवा, पण तुलना या दुसऱ्या गटाशी करा.

टोचायचं की खाऊ घालायचं

अभ्यासासाठी टोचणी उत्तम. मात्रा नेमकी जाते आणि आतडं वाटेत येत नाही. काचेची सुई ओढून तिचं टोक किंचित तिरकं मोडा. अळी बर्फावर सुस्त करा, पोटाच्या दोन खंडांमधल्या मऊ पडद्यातून सुई जवळजवळ आडवी सरकवा. उभी टोचली तर आतडं फुटतं आणि दोन दिवसांत अळी काळी पडून मरते. लहान भुंगेऱ्याच्या अळीला १०० ते ५०० नॅनोग्रॅम ही सुरुवातीची मात्रा धरा. सुई काढण्याआधी काही सेकंद थांबा, नाहीतर थेंब बाहेर येतो. पहिल्या २४ तासांत मेलेल्या अळ्या जखमेने मेल्या असं समजून त्यांची वेगळी नोंद करा, आणि हा नियम सगळ्या गटांना सारखा लावा.

खाऊ घालताना खरी अडचण असते की अळीने किती खाल्लं हे कळत नाही. मी डीएस-आरएनएच्या थेंबात खाण्याचा निळा रंग मिसळते. अळीला काही तास उपाशी ठेवून मोजका थेंब पुढ्यात ठेवते. प्यायली की पातळ कातडीतून निळी आतड्याची रेघ दिसते, आणि ज्यांच्यात ती दिसत नाही त्या अळ्या सुरुवातीलाच बाजूला काढता येतात. पानाच्या चकतीवर द्यायचं असेल तर थोडा पृष्ठताण कमी करणारा घटक मिसळून द्रावण सारखं पसरवा, पूर्ण सुकू द्या, आणि पूर्ण चकती संपल्यावरच नवी द्या.

प्रत्येक गटात २० ते ३० अळ्या आणि तीन स्वतंत्र वेळा केलेला प्रयोग, याहून कमी नको. एकाच दिवशी एकाच डब्यातल्या अळ्या तीन ताटल्यांत वाटल्या तर त्या तीन पुनरावृत्ती होत नाहीत. मोजणाऱ्याला कोणती ताटली कोणत्या गटाची हे माहीत नसेल तर फार बरं.

जनुक खरंच गप्प झालं का

तीन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात: निरोप कमी झाला, प्रथिन कमी झालं, आणि कीटकात बदल दिसला. एकीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही.

निरोप मोजायला क्यूपीसीआर, म्हणजे प्रती वाढताना त्यांचं प्रमाण मोजणारा पीसीआर. इथली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रायमर दिलेल्या तुकड्याच्या आतच आखणं. मग तुम्ही स्वतः दिलेला आरएनएच मोजता आणि जनुक गप्प होण्याऐवजी जास्त बोलतंय असं दिसतं. प्रायमर त्या तुकड्याच्या बाहेरचे घ्या, निदान एक तरी. किमान दोन संदर्भ जनुकं, म्हणजे तुलनेसाठी स्थिर राहणारी जनुकं, ठेवा आणि ती या उपचाराने बदलत नाहीत हे आधी तपासा. प्रायमरांची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत हवी.

हिशेब एकदा हाताने करून पाहावा. सीटी म्हणजे कितव्या फेरीत निरोप दिसू लागला तो आकडा; निरोप कमी तेवढा तो जास्त, आणि एका सीटीचा फरक म्हणजे दुप्पट. नियंत्रण गटात लक्ष्य जनुकाचा सीटी २४ आणि संदर्भाचा १८, फरक ६. उपचार गटात लक्ष्याचा २७ आणि संदर्भाचा १८, फरक ९. दोन फरकांतलं अंतर ३. म्हणजे निरोप एक अष्टमांश, १२.५ टक्के उरला, ८७.५ टक्के घटला. संदर्भ जनुकच उपचाराने एका सीटीने हललं असतं तर हेच उत्तर दुपटीने चुकलं असतं.

नमुने २४, ४८ आणि ७२ तासांनी घ्या, त्यात आतडं वेगळं आणि उरलेलं शरीर वेगळं. संपूर्ण अळी वाटून मोजली तर आतड्यात झालेली मोठी घट बाकीच्या शरीरात विरून जाते. निरोप घटूनही परिणाम दिसत नसेल तर प्रथिन किती टिकाऊ आहे ते पाहा. आधी बनलेलं प्रथिन कित्येक दिवस काम करत राहतं, आणि तिसऱ्या दिवशी प्रयोग बंद करणाऱ्याला काहीच सापडत नाही. मृत्यू मोजायचा असेल तर किमान १० ते १४ दिवस धीर धरा.

मृत्यूदर नेहमी नियंत्रणातल्या मृत्यूने दुरुस्त करा. १९२५ पासून अ‍ॅबटचं सूत्र वापरात आहे. उपचार गटात ६४ टक्के आणि नियंत्रणात १० टक्के मेल्या, तर ६४ वजा १० म्हणजे ५४, भागिले ९०, दुरुस्त मृत्यूदर ६० टक्के. नियंत्रणात २० टक्क्यांहून जास्त मृत्यू झाले तर सूत्र लावत बसू नका. संगोपनात काहीतरी बिघडलंय, प्रयोग पुन्हा करा.

प्रयोगशाळेतून शिवाराकडे

शेतात सुई नाही. तिथे आजवर दोन वाटा प्रत्यक्ष वापरापर्यंत पोचल्या आहेत.

पहिली, पिकातच डीएस-आरएनए बनवणं. मक्याच्या मूळभुंगेऱ्याच्या स्नफ-७ विरुद्ध २४० अक्षरजोड्यांचा डीएस-आरएनए बनवणाऱ्या मक्याला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१७ मध्ये मान्यता दिली, आणि तो बीटी प्रथिनांच्या जोडीने वापरला जातो. यात एक बारकावा असा की झाडाच्या पेशींतही डायसर असतो आणि तो आरएनएचे तुकडे आधीच करून टाकतो, मग कीटकाला लांब तुकडा मिळतच नाही. हरितलवकात ही यंत्रणा नसते. २०१५ मध्ये बटाट्याच्या हरितलवकात अ‍ॅक्टिनविरुद्धचा लांब डीएस-आरएनए बनवला, तेव्हा त्या पानांवर कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या अळ्या जगल्या नाहीत.

दुसरी वाट फवारणीची. कोलोरॅडो भुंगेऱ्याच्या प्रोटिअसोमवर काम करणाऱ्या लेडप्रोना या डीएस-आरएनएची अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये नोंदणी झाली. पिकात जनुकबदल न करता नुसतं फवारायचं.

फवारणीची चाचणी आखताना तीन गोष्टी पक्क्या ठेवा. पानावर किती दिवस टिकतो ते मोजा, कारण ऊन आणि पाऊस दोन्ही त्याला संपवतात. मातीत तर सूक्ष्मजीव त्याचा दोन-तीन दिवसांत फडशा पाडतात, जे पर्यावरणाला चांगलं पण मुळांवरच्या किडीसाठी अडचणीचं. दुसरं, अंड्यातून नुकत्या निघालेल्या पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या अळ्यांवर फवारा. मोठ्या अळीला मात्रा जास्त लागते आणि परिणाम यायच्या आत ती पीक खाऊन मोकळी होते. तिसरं, रासायनिक औषधासारखी दुसऱ्या दिवशी मेलेली कीड शोधू नका. अळ्या आधी खाणं कमी करतात, मग थांबवतात, मग मरतात. शेतकऱ्याला हे आधी सांगितलं नाही तर तो तिसऱ्या दिवशी दुसरं औषध मारणार, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

टिकाऊपणासाठी आवरणं आहेत. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर डीएस-आरएनए बसवून तो पानावर हळूहळू सोडण्याची पद्धत २०१७ मध्ये विषाणूरोगांसाठी दाखवली गेली. कायटोसान या नैसर्गिक बहुवारिकाचे कण, मेदाच्या पुड्याही वापरतात. अळ्यांसाठी आवरण निवडताना ते सामू १० ला टिकतं का, एवढा एकच प्रश्न आधी विचारा. आपली आतड्याच्या रसाची चाचणी इथे पुन्हा कामाला येते: आवरणासह आणि आवरणाशिवाय, एकाच जेलवर.

मित्रकीटक आणि प्रतिकार

या तंत्राची खरी ताकद नेमकेपणात आहे. स्नफ-७ चा तो डीएस-आरएनए निरनिराळ्या कीटकांना खाऊ घालून पाहिला, तेव्हा त्याचा परिणाम मूळभुंगेऱ्याच्याच उपकुळातल्या काही जवळच्या भुंगेऱ्यांपुरता राहिला. तरी संगणकावरची जुळणी पाहून थांबू नका. ढालकिडे हेही भुंगेरेच आहेत, म्हणजे त्यांची यंत्रणाही तशीच तल्लख. त्यांना प्रत्यक्ष खाऊ घालून, पूर्ण आयुष्यभर पाहून, अंडी मोजूनच निर्णय घ्या. मधमाशीच्या बाबतीत प्रौढ आणि अळी दोन्ही तपासा.

प्रतिकाराबद्दल लोक फार निर्धास्त असतात. जनुकाचं एखादं अक्षर बदललं तरी लांब तुकड्यातून निघणारे बाकीचे तुकडे काम करतील, असा तर्क असतो, आणि तो तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूळभुंगेऱ्यांनी वेगळीच वाट शोधली. निवड करत वाढवलेल्या त्या पिढ्यांनी आतड्यातून आरएनए आत घेणंच थांबवलं. मग स्नफ-७ काय किंवा दुसरं कोणतं जनुक काय, सगळेच डीएस-आरएनए निष्प्रभ. कोलोरॅडो भुंगेऱ्यातही प्रयोगशाळेत काही पिढ्यांतच जबर प्रतिकार निर्माण करता आला. म्हणजे जनुक बदलून नवा आरएनए आणणं हा तोडगा नाही. कीटकनाशकांच्या कार्यपद्धतीनुसार केलेल्या वर्गीकरणात या सगळ्यांना एकच गट, ३५ वा, दिला आहे. लागोपाठच्या पिढ्यांवर हा गट पुन्हा वापरू नका. मध्ये वेगळ्या गटाचं औषध, जैविक उपाय किंवा पिकाची फेरपालट आणा, आणि पिकात बनणाऱ्या आरएनएसोबत आश्रय पीक, म्हणजे प्रतिकार नसलेली कीड टिकून राहावी म्हणून हा आरएनए नसलेलं पीक, लावा.

आणि पहिली फवारणी होण्याआधी एक काम उरकून घ्या. त्या भागातल्या किमान चार-पाच शेतांमधून कीड गोळा करून प्रत्येकीची मात्रा-मृत्यू रेषा काढा, निम्म्या अळ्या मारणारी मात्रा लिहून ठेवा, त्याच किडींचे नमुने शुद्ध अल्कोहोलमध्ये उणे २० अंशांवर साठवा आणि एक वंश कोणत्याही औषधाविना पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवा. चार वर्षांनी कोणी येऊन म्हणालं की आता फवारणी चालत नाही, तर प्रतिकार आला की मात्रा चुकली, हे ठरवायला तुलनेसाठी हाताशी असणारी कीड तेवढीच.